मोटारसायकलमधील प्राथमिक तेल : पातळीची तपासणी, तेलबदल आणि त्यातून होणारे निदान

सारांश :
मोटारसायकलच्या देखभालीत इंजिनतेल बदलण्याला सर्वाधिक महत्त्व दिले जाते. तथापि काही मोटारसायकलींमध्ये इंजिन, प्राथमिक पारेषण आणि गिअरपेटी या तीन भागांचे तेल परस्परांपासून वेगळे असते. जुनी ओतीव लोखंडी इंजिनाची एनफिल्ड बुलेट आणि हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या जुळ्या सिलिंडरच्या मोटारसायकली ही याची ठळक उदाहरणे होत. प्रस्तुत लेखात प्राथमिक तेलाचे कार्य, त्याची पातळी तपासण्याची व ते बदलण्याची पद्धत, तेलाची निवड आणि निघालेल्या तेलावरून करावयाचे निदान यांचे विवेचन केले आहे. प्राथमिक तेलाची पातळी घटणे जितके धोक्याचे तितकेच, किंबहुना अधिक, ती न भरता वाढणे धोक्याचे असते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

बीजसंज्ञा : प्राथमिक पारेषण, चेनकेस, ओला क्लच, वंगण, श्यानता, तेलगळती.

प्रस्तावना :
भारतातील दुचाकीस्वाराच्या मनातील 'तेल' या शब्दाचा अर्थ काळानुसार बदलत गेला आहे. दोन-स्ट्रोक स्कूटर आणि मोटारसायकलींच्या काळात इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळले जात असे आणि 'गिअर ऑइल' तेवढे वेगळे बदलावे लागत असे. म्हैसूर येथे १९६१ ते १९९६ या काळात तयार झालेल्या जावा आणि येझदी या मोटारसायकलींत हेच गिअरतेल प्राथमिक साखळी आणि क्लच यांनाही पुरत असे. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० ही चार-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आली आणि पुढील दोन दशकांत अशाच रचनेच्या गाड्यांनी रस्ते व्यापले. या गाड्यांमध्ये एकच तेल इंजिन, क्लच आणि गिअर या सर्वांना वंगण पुरविते. ते बदलले की गाडीतील सर्व तेल बदलले, अशी सवय वाहनधारकांना लागली आणि पुष्कळशा गॅरेजांनाही लागली.

ही सवय बहुसंख्य गाड्यांच्या बाबतीत योग्य आहे. परंतु ज्या गाड्यांत तीन स्वतंत्र तेले आहेत तेथे ती घातक ठरते. अशा गाडीचे इंजिनतेल वेळेवर बदलत राहते, पण प्राथमिक साखळीच्या पेटीतील तेल वर्षानुवर्षे तसेच राहते. क्लच घसरू लागला की प्लेटा बदलल्या जातात, साखळीचा आवाज आला की साखळी बदलली जाते, आणि मूळ कारण मात्र पेटीतच राहते. म्हणून या तेलाचा स्वतंत्र विचार होणे आवश्यक आहे.

प्राथमिक पारेषणाची रचना :
इंजिनातील दट्ट्याच्या वर-खाली होण्याचे रूपांतर क्रँकशाफ्टच्या फिरण्यात होते. ही गती चाकापर्यंत दोन टप्प्यांत पोहोचते. क्रँकशाफ्टपासून क्लचपर्यंतचा पहिला टप्पा म्हणजे प्राथमिक पारेषण, आणि गिअरपेटीपासून मागच्या चाकापर्यंतचा दुसरा टप्पा म्हणजे दुय्यम पारेषण होय. रस्त्यावर उभ्या गाडीकडे पाहिले असता दिसते ती दुय्यम साखळी किंवा पट्टा. प्राथमिक साखळी मात्र इंजिनाच्या डाव्या अंगाला, धातूच्या बंद आवरणात असते. या आवरणालाच प्रचलित भाषेत चेनकेस किंवा प्रायमरी म्हटले जाते.

या पेटीत क्रँकशाफ्टवरचे लहान दंतचक्र, क्लचवरचे मोठे दंतचक्र, त्यांना जोडणारी दुपदरी साखळी, साखळीचा ताण राखणारी पट्टी आणि अनेक प्लेटांचा क्लच एवढे भाग असतात. नंतरच्या बुलेटमध्ये वीजनिर्मिती करणारा अल्टरनेटरही याच पेटीत, क्रँकशाफ्टच्या टोकावर बसविलेला असतो. इंजिन दर मिनिटाला ३,००० फेरे घेत असता लहान दंतचक्र दर सेकंदाला ५० फेरे घेते. एवढ्या वेगाने धावणारी साखळी तेलाविना फार काळ टिकू शकत नाही.

प्राथमिक तेलाला चार कामे करावी लागतात. पहिले, साखळीच्या प्रत्येक सांध्यातील पिन व बुश यांच्यामध्ये तेलाचा थर राखणे. दुसरे, क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घासताना निर्माण होणारी उष्णता वाहून नेणे. तिसरे, झिजेतून निघणारे धातूचे व क्लचच्या अस्तराचे कण घर्षणाच्या जागेपासून दूर नेऊन तळाशी बसू देणे. चौथे, साखळीच्या धक्क्यांचा आवाज व आघात सौम्य करणे. ही कामे करण्यासाठी पेटीत सहसा पंप नसतो. साखळीचा व क्लचचा खालचा भाग तेलात बुडतो आणि फिरताना तेल सर्वत्र उडविले जाते. इंजिनतेलाला असते तशी गाळणीही येथे सहसा नसते. या एका गोष्टीचा परिणाम दूरगामी आहे. इंजिनतेलातील कण गाळणीत अडकतात. प्राथमिक तेलातील कण तेल बदलेपर्यंत पेटीतच राहतात. तेलाचा निचरा हीच या भागाची एकमेव स्वच्छता होय.

एकत्र तेल आणि स्वतंत्र तेल :
इंजिन, क्लच व गिअरपेटी वेगवेगळ्या कवचांत ठेवण्याची रचना ही मुख्यतः ब्रिटिश परंपरा होती. इंजिन एका कारखान्याचे, गिअरपेटी दुसऱ्या कारखान्याची आणि दोहोंना जोडणारी साखळी एका पेटीत, अशी जुळणी तेथे रूढ होती. इंग्लंडमधील रेडिच येथील एनफिल्डच्या बुलेटला अल्बियनची गिअरपेटी जोडलेली असे. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स व रेडिचची कंपनी यांच्या सहकार्याने एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि तिरुवोट्टियूर येथील कारखान्यात बुलेट तयार होऊ लागली. मूळ इंग्लिश कंपनी १९७० मध्ये संपुष्टात आली. पण तिची रचना मद्रासमध्ये चालू राहिली. त्यामुळे इंग्लंडमध्ये इतिहासजमा झालेली तीन तेलांची पद्धत भारतीय रस्त्यांवर एकविसाव्या शतकापर्यंत टिकली. २००८-०९ पासून रॉयल एनफिल्डने इंजिन व गिअरपेटी एकाच कवचात असलेली नवी रचना आणली आणि तिच्यात एकच तेल सर्व भागांना पुरू लागले. म्हणजे 'बुलेट' हे एकच नाव असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीत तीन तेले, तर दुसरीत एक, अशी स्थिती आहे. गाडीचे नाव नव्हे, तर इंजिनाची रचना पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांत इंजिन, प्राथमिक पेटी व गिअरपेटी यांची तेले स्वतंत्र आहेत. त्याच कंपनीच्या जुन्या स्पोर्टस्टर मालिकेत मात्र प्राथमिक पेटी व गिअरपेटी यांना मिळून सुमारे एक लिटर सामायिक तेल असे. ट्रायम्फच्या ६५० सीसी गाड्यांचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. १९७० च्या मॉडेलपासून त्यांच्या इंजिनातील हवा प्राथमिक पेटीतून बाहेर सोडण्याची व्यवस्था करण्यात आली आणि दोहोंमधील तेलाचा अडसर काढून टाकण्यात आला. त्यामुळे बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन ट्रायम्फपैकी एकीत प्राथमिक तेल स्वतंत्र, तर दुसरीत ते इंजिनतेलच असते. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी त्या वर्षाच्या, त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेचा आधार घेणे ही पहिली पायरी होय.

पातळीची तपासणी :
प्राथमिक तेलाची पातळी मोजण्यासाठी बहुधा दांडी नसते. जुन्या बुलेटमध्ये आवरणावर पातळीचा एक लहान स्क्रू असतो. गाडी सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन बंद करून साखळीवर उडालेले तेल खाली निथळेपर्यंत थांबावे, स्क्रूभोवतीची माती पुसून घ्यावी आणि मग तो काढावा. छिद्रातून तेलाची बारीक धार किंवा थेंब आल्यास पातळी योग्य समजावी. काहीच न आल्यास वरच्या झाकणातून थोडे थोडे तेल ओतावे आणि छिद्रातून तेल डोकावू लागताच थांबावे. जादा तेल आपोआप निथळू द्यावे आणि मगच स्क्रू वायसरसह बसवावा.

हार्लेच्या गाड्यांत क्लचसमोरचे गोल झाकण काढून पातळी पाहतात. गाडी सरळ उभी असता तेल क्लचच्या गोल स्प्रिंगच्या खालच्या कडेपर्यंत असावे, असा संकेत आहे. येथे एक चूक वारंवार होते. गाडी बाजूच्या स्टँडवर ठेवली की ती डावीकडे कलते. प्राथमिक पेटीही डावीकडेच असल्याने तेल झाकणाकडे सरकते आणि पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. अशा स्थितीत 'भरपूर तेल आहे' असे समजून गाडी बंद केली जाते, प्रत्यक्षात ते कमी असते. यासाठी गाडी सरळ धरणारा एक माणूस किंवा योग्य स्टँड आवश्यक असतो.

पातळी पाहतानाच साखळीचा ताणही तपासावा. बुलेटमध्ये वरच्या बाजूची साखळी बोटाने वर-खाली केली असता सुमारे ६ मिलिमीटर हलावी. हार्लेच्या स्वयंचलित ताणयंत्रणा येण्यापूर्वीच्या मोठ्या गाड्यांत इंजिन थंड असता १६ ते २२ मिलिमीटर आणि गरम असता साडेनऊ ते १६ मिलिमीटर सैलपणा सांगितलेला आहे. गरम झाल्यावर इंजिन व पेटी प्रसरण पावतात, दोन दंतचक्रांमधील अंतर वाढते आणि साखळी ताणली जाते. म्हणून हा फरक ठेवलेला असतो. साखळी सर्वत्र सारखी झिजत नसल्याने इंजिन थोडे थोडे फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधावी आणि माप तेथेच घ्यावे. सैल जागेवर माप घेऊन ताण वाढविल्यास घट्ट जागी साखळी दोन्ही बाजूंच्या बेअरिंगना ओढू लागते.

पातळी घटणे आणि पातळी वाढणे :
प्राथमिक तेल जळत नाही. ज्वलनकक्षाशी त्याचा संबंध नसल्याने ते इंजिनतेलाप्रमाणे हळूहळू कमी होण्याचे कारण नाही. पातळी घटली असेल तर तेल कोठेतरी बाहेर जात आहे, एवढे निश्चित. आवरणाच्या कडेचा रबरी पट्टा, पातळीच्या स्क्रूचा वायसर, अल्टरनेटरच्या तारा बाहेर येतात ती जागा आणि क्लचमागचे सील या त्याच्या नेहमीच्या वाटा होत. जुन्या बुलेटचे आवरण मध्यभागी असलेल्या एकाच नटाने घट्ट धरलेले असते. गळती दिसली की हा नट आणखी आवळण्याकडे कल असतो; पण जादा आवळल्याने आवरण मध्यभागी आत दबते, कडा उचलली जाते आणि गळती वाढते. रबरी पट्टा बदलणे आणि दोन्ही कडा स्वच्छ करणे हाच योग्य उपाय होय.

पातळी वाढणे हे लक्षण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. स्क्रू काढताच थेंबांऐवजी भरपूर तेल वाहू लागले, तर 'तेल चांगले भरलेले आहे' असे समाधान मानले जाते. वस्तुतः पेटीत तेल आपोआप वाढू शकत नाही. ते वाढले असेल तर ते इंजिनातूनच आलेले असते.

याचे कारण एकसिलिंडरी इंजिनाच्या श्वसनक्रियेत आहे. बुलेट ३५० च्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर असते. म्हणजे दट्ट्या प्रत्येक वेळी खाली येताना खालच्या कवचातील ३४६ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. तेथील हवेला बाहेर जाण्यासाठी श्वसननळी व एकमार्गी झडप दिलेली असते. ही झडप बिघडली किंवा नळी तुंबली की हवेचा दाब अन्य वाट शोधतो आणि क्रँकशाफ्टवरच्या सीलमधून तेलाला प्राथमिक पेटीत ढकलतो. सील जुने व कडक झाले असल्यास हे अधिक सहज घडते. त्यात भर म्हणजे बुलेटमध्ये तेलाची टाकी क्रँकशाफ्टच्या मागे त्याच ओतीव कवचात असते. गाडी अनेक दिवस उभी राहिली की टाकीतील तेल पंपातून झिरपून क्रँकशाफ्टच्या कवचात साचते. पुढच्या वेळी गाडी सुरू करताच हे साचलेले तेल मिळेल त्या वाटेने बाहेर फेकले जाते.

यातील धोका दुहेरी आहे. पहिला धोका इंजिनाला आहे. या इंजिनात सुमारे सव्वादोन लिटर तेल असते. त्यातील दोन-तीनशे मिलिलिटर तेल पेटीत गेले तर जमिनीवर एक थेंबही सांडत नाही, धूर निघत नाही, आणि तरीही इंजिनाचे सुमारे दहा टक्के वंगण नाहीसे झालेले असते. लांबच्या प्रवासात, उन्हाळ्यात आणि घाटाच्या चढावर ही तूट मोठ्या बेअरिंगवर व दट्ट्यावर येते. दुसरा धोका चालकाला आहे. प्राथमिक पेटी भरून वाहू लागली की तेल क्लचमागच्या सीलमधून मागच्या साखळीच्या दंतचक्रावर येते, तेथून साखळीसोबत मागच्या चाकाकडे जाते आणि टायर व ब्रेक यांच्यापर्यंत पोहोचू शकते. चाकाजवळचे हे तेल साखळीला लावलेल्या वंगणाचे असावे असे समजून पुसून टाकले जाते. त्याचा उगम इंजिनात आहे हे लक्षात येत नाही.

म्हणून प्राथमिक तेलाची पातळी पाहताना इंजिनतेलाची दांडीही त्याच वेळी पाहावी आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात. इंजिनतेल मोजण्यापूर्वी गाडी काही मिनिटे चालवावी, म्हणजे कवचात साचलेले तेल टाकीत परत जाईल. इंजिनतेल घटले आणि प्राथमिक तेल वाढले, तर निदान स्पष्ट आहे. केवळ जादा तेल काढून टाकणे हा उपाय नव्हे. श्वसनझडप, नळी आणि सील यांची तपासणी करणे आवश्यक असते.

तेलाचा निचरा आणि बदल :
तेल बदलण्याचा कालावधी मॉडेलनुसार वेगळा असतो. २००० च्या दशकातील हार्लेच्या मोठ्या गाड्यांसाठी तो साधारणतः १६,००० किलोमीटर सांगितलेला होता. जुन्या गाड्यांत, शहरातील अडखळत्या वाहतुकीत आणि दमट किनारपट्टीवर हा कालावधी कमी धरणे श्रेयस्कर ठरते. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत पेटी पुरेशी तापत नाही, आत साचलेली वाफ बाहेर पडत नाही आणि तिचे पाणी तेलात मिसळते. क्लचचा वापर जितका अधिक, तितके अस्तराचे कणही अधिक निघतात.

तेल काढण्यापूर्वी गाडी थोडी चालवून घ्यावी. कोमट तेल पातळ असते आणि त्यात कण तरंगत असल्याने तेही तेलाबरोबर बाहेर पडतात. थंड गाडीचे तेल काढल्यास वरचे स्वच्छ तेल निघते आणि तळाचा गाळ मागे राहतो. मात्र तेल इतके तापलेले नसावे की हात भाजेल. निचऱ्याचा बोल्ट असलेल्या गाड्यांत तो काढून तेल पसरट भांड्यात घ्यावे. हार्लेच्या या बोल्टच्या टोकाशी चुंबक असते. त्यावर जमलेले कण पुसण्यापूर्वी नीट पाहावेत.

निचऱ्याची स्वतंत्र सोय नसलेल्या जुन्या पेट्यांत आवरणच सोडवावे लागते. बुलेटमध्ये त्यासाठी डाव्या बाजूचे पायदान आणि आड येणारे पेडल आधी काढावे लागते. मध्यवर्ती नट थोडा सैल करून आवरण हलकेच पुढे ओढले की खालच्या कडेने तेल वाहू लागते. म्हणून भांडे आधीच खाली ठेवावे. तेल निथळल्यावर आवरण पूर्ण काढावे. हे काम जिकिरीचे वाटले तरी त्याचा एक लाभ आहे: साखळी, ताणपट्टी, क्लच व अल्टरनेटर यांचे प्रत्यक्ष दर्शन होते आणि तळाचा गाळ फडक्याने पूर्णपणे पुसता येतो. पुसण्यासाठी सुटे धागे न सोडणारे सुती फडके वापरावे.

आवरण पुन्हा बसविताना रबरी पट्टा खाचेत सर्वत्र नीट बसला आहे याची बोट फिरवून खात्री करावी. ताणलेला, चपटा झालेला किंवा कडक पट्टा पुन्हा वापरू नये. नट व बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या बलानेच आवळावेत. अॅल्युमिनियमच्या कवचातील आटे जादा जोराने सहज निघतात आणि मग किरकोळ कामाचे मोठ्या खर्चात रूपांतर होते. जुन्या बुलेटच्या पेटीला अर्ध्या लिटरहून थोडे कमी तेल लागते. मोजून घेतलेले तेलही थोडे राखून ओतावे आणि अंतिम निर्णय पातळीच्या स्क्रूवर सोपवावा, कारण आत चिकटून राहिलेले जुने तेल प्रत्येक वेळी सारखे नसते. शेवटी गाडी काही मिनिटे चालवून, बंद करून, पातळी पुन्हा तपासावी आणि गळती नाही हे पाहावे.

तेलाची निवड :
प्राथमिक तेलाची निवड क्लचवर अवलंबून असते. या पेटीतील क्लच ओला असतो. म्हणजे त्याच्या प्लेटा तेलात राहूनच एकमेकींना पकडतात. तेलाकडून येथे परस्परविरोधी अपेक्षा असतात: साखळीसाठी ते घर्षण कमी करणारे हवे, पण क्लचच्या प्लेटांमधील पकड मात्र त्याने सोडवू नये. मोटारगाड्यांच्या अनेक आधुनिक तेलांत इंधन वाचविण्यासाठी घर्षण आणखी कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. असे तेल पेटीत घातल्यास इंजिनाचा वेग वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही, असा अनुभव येतो. क्लच झिजला असा समज होऊन नव्या प्लेटा बसविल्या जातात आणि त्याही त्याच तेलात घसरू लागतात.

ही अडचण ओळखून जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलासाठी 'जासो' मानक तयार करण्यात आले. त्यातील 'एमए' वर्गाची तेले ओल्या क्लचला योग्य एवढे घर्षण राखतात. 'एमबी' वर्गाच्या तेलांचे घर्षण कमी असते आणि ती ओल्या क्लचसाठी नसतात. डब्यावर हे चिन्ह पाहणे ही साधी, पण महत्त्वाची दक्षता होय.

श्यानतेचाही विचार करावा लागतो. भारतीय बुलेटच्या पेटीत सामान्यतः २०डब्ल्यू-५० श्रेणीचे तेल वापरले गेले. थंड सकाळी दाट तेलामुळे प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात आणि पहिला गिअर टाकताना गाडीला झटका बसतो. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी स्वयंचलित गिअरपेटीचे पातळ तेल वापरण्याची पद्धत पडली. त्याचा लाल रंग हाही एक उपयोग ठरला: गाडीखाली लाल थेंब दिसला तर ते प्राथमिक पेटीतले, तपकिरी दिसला तर इंजिनातले, हे चटकन कळते. तथापि अशा तेलांचेही प्रकार असून त्यांपैकी काहींत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. म्हणून निर्मात्याने मान्य केलेला प्रकारच वापरावा. हार्ले-डेव्हिडसनने प्राथमिक पेटीसाठी स्वतंत्र तेल दिले, तसेच तिन्ही भागांत चालणारे कृत्रिम तेलही उपलब्ध केले. यावरून एकच तेल तिन्ही ठिकाणी वापरणे शक्य असले, तरी ते तिन्ही ठिकाणी वेगवेगळे भरावे व बदलावेच लागते, हे विसरता कामा नये.

निघालेल्या तेलाचे वाचन :
काढलेले तेल फेकण्याची घाई करू नये. ते स्वच्छ भांड्यात उजेडात पाहिल्यास पेटीच्या आतील स्थितीचा वृत्तान्त त्यात मिळतो. तेल गडद झाले असले तरी पारदर्शक असेल, तर ते सामान्य वापराचे चिन्ह होय. दुधाळ किंवा फिकट करडा रंग पाणी शिरल्याचे सांगतो; पावसात झाकणाच्या कडेतून किंवा वाफेतून ते आलेले असू शकते. जळका वास आणि काळसर गाळ क्लचच्या अस्तराची जलद झीज दर्शवितो. त्यामागे क्लचच्या दोरीला आवश्यक तेवढा ढिलेपणा नसणे किंवा क्लच अर्धवट दाबून गाडी चालविण्याची सवय असू शकते. चुंबकावरचा बारीक, केसाळ करडा लेप हा साखळीच्या नेहमीच्या झिजेचा भाग आहे. परंतु चकाकणारे कपचे, पत्र्यासारखे तुकडे किंवा साखळीच्या रोलरचे तुकडे आढळल्यास गाडी पुढे चालवू नये. तुटलेली प्राथमिक साखळी बंद पेटीत गोळा होते. ती अल्टरनेटरच्या गुंडाळ्या फाडू शकते आणि कवच फोडू शकते.

एकाच तपासणीपेक्षा अनेक तपासण्यांची तुलना अधिक उपयुक्त असते. तारीख, किलोमीटर, निघालेल्या तेलाचे माप, रंग आणि साखळीचा ताण एवढ्या पाच नोंदी एका वहीत ठेवल्यास पुढच्या वेळी काय बदलले ते लगेच कळते. विशेषतः निघालेले तेल मोजण्याची सवय लावून घ्यावी. भरले त्याहून अधिक निघाले, तर इंजिनतेलाच्या स्थलांतराचा तो निर्विवाद पुरावा होय.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट :
वापरलेले तेल त्वचेला अपायकारक असल्याने हातमोजे वापरावेत आणि तेलाने भिजलेले फडके खिशात ठेवू नये. हे तेल गटारात, उघड्या जमिनीवर किंवा वाळवीवर उपाय म्हणून लाकडावर ओतण्याची प्रथा सोडणे गरजेचे आहे. भारतात वापरलेले तेल घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते. २०१६ च्या नियमांत २०२३ मध्ये करण्यात आलेल्या दुरुस्तीने तेलाच्या उत्पादकांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी सोपविली असून ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे. घरी तेल बदलणाऱ्याने ते झाकणाच्या डब्यात साठवून, त्यात पाणी किंवा पेट्रोल न मिसळता, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.

समारोप :
प्राथमिक तेल प्रमाणाने अल्प, पण पंप व गाळणी यांच्या साहाय्याविना काम करणारे तेल आहे. बहुसंख्य भारतीय गाड्यांत ते स्वतंत्र नसल्याने त्याची ओळख पुसट होत चालली आहे. तीन तेलांची बुलेट आता तयार होत नाही. तथापि अशा असंख्य गाड्या आजही वापरात आहेत. त्या वडिलांकडून मुलाकडे आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातात, पण माहितीपुस्तिका बहुधा त्यांच्याबरोबर जात नाही. अशी गाडी हाती आल्यावर तिच्यात किती तेले आहेत, हे प्रथम निश्चित करावे.

प्राथमिक तेलाची पातळी ही केवळ भरणा पुरेसा आहे की नाही एवढेच सांगत नाही. घटलेली पातळी बाहेरची गळती दाखविते. वाढलेली पातळी आतली गळती दाखविते. बाहेरची गळती जमिनीवर डाग पाडून स्वतःच जाहीर होते. आतली गळती मात्र पातळीचा तो लहानसा स्क्रू उघडणाऱ्यालाच कळते. अर्ध्या तासाच्या या तपासणीवर साखळी व क्लच यांच्याइतकेच, शेजारच्या कवचातील इंजिनाचे आयुष्यही अवलंबून असते.